बळदातली धामण आणि डासांचं जेवण

माझ्या नातवाच्या मित्रांना कुणीतरी सांगून ठेवलंय की आजीनं आयुष्यभर डास मारले. साफ खोटं. मारायला काय, दोन तळहात पुरतात. त्यासाठी विद्यापीठात जावं लागत नाही. मी डास जिवंत पकडत असे आणि त्यांना एकच प्रश्न विचारत असे, काल काय जेवलात? या एका प्रश्नावर मला डॉक्टरेट मिळाली. आईनं नांदेडला गल्लीभर पेढे वाटले, आणि पुढं आठवडाभर जो येईल तो मला जीभ काढून दाखवायचा. "डॉक्टर झालीस ना, मग बघ की पांढरी दिसते का." मी म्हणायची, मी डासांची डॉक्टर. शेजारच्या काकूंनी फार काळजीनं विचारलं, "म्हणजे ते आजारी पडले की तुझ्याकडं येतात?"

संपादकांनी कामातल्या आठवणी मागितल्या आहेत. नोकऱ्या, बदल्या, निरोपाची शाल हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देते. एकच पावसाळा सांगते. त्या पावसाळ्यात मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर एवढं कधीच कळलं नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. शिक्षण सगळं उर्दूत. 'कीटक' हा शब्द मी पुष्कळ नंतर शिकले, आधी 'हशरात' शिकले. वर्गात मुलगी मी एकटी. आमचे डॉक्टरसाहेब हिवतापावर काम करायचे. शेरवानीच्या खिशात कायम एक परीक्षानळी, तिच्यात कायम एक डास. त्यांनी मला संशोधनाला घेतलं तेव्हा मला वाटलं, माझे गुण पाहून घेतलं. तसं मी त्यांना विचारलंसुद्धा. मान खाली घालून, लाजत, स्तुतीची वाट बघत. साहेब म्हणाले, "नै बीबी. मर्दां गाँव में लोगां के अंदर के कमरे में नै जा सकते. तुम जा सकते. इसीलिए तुमकू लिया."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता धंदा समजावून सांगते. हिवतापाचा डास एका माणसाला चावून दुसऱ्याला चावतो आणि ताप पोहोचवतो, हे तेव्हा माहीत होतं. पण तोच डास गाईम्हशीलाही चावतो. गाईला चावला तर त्या तापाची गाडी तिथंच थांबते, कारण गाईला तो ताप येत नाही. मग एखाद्या गावातले डास जास्त करून कुणाचं रक्त पितात, हे कळलं तर त्या गावाच्या तापाचा अर्धा उलगडा होतो. पण डासाला विचारायचं कसं?

सशाकडून. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं. गाईच्या रक्ताचं असं पाणी सशाला थोडं थोडं टोचत राहायचं. सशाच्या शरीराला ते परकं. काही आठवड्यांत त्याच्या रक्तात असं काहीतरी तयार होतं की ते गाईचं रक्त कुठंही ओळखतं. मग काडीएवढ्या काचेच्या नळीत खाली या सशाच्या रक्ताचं पाणी घालायचं, वर डासाच्या पोटातल्या रक्ताचं. ओळख पटली तर दोन्ही जिथं टेकतात तिथं एक पांढरी कडी उमटते, दुधावर साय धरावी तशी. नाही पटली तर नाही. दुसरा एक ससा माणसाच्या रक्तावर शिकवलेला. माणसाचं रक्त म्हणजे माझं. ते जवळ होतं आणि अर्ज न करता मिळायचं. प्रयोगशाळेतले रहीमचाचा त्या सशाला माझा नातलग म्हणायचे. "बीबी, तुम्हारा रिश्तेदार आज गाजर नक्को बोल रहा."

ती कडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवायची विसरले. शरीर परक्याला लक्षात ठेवतं, आणि नुसतं ठेवत नाही तर दाखवून देतं! आजही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. नातवंडं म्हणतात, आजी, तो म्हातारपणाचा काटा.

गाव मिळालं देवणीजवळचं, ओढ्याकाठचं. तेव्हा तो भाग बीदर जिल्ह्यात. विकाराबादवरनं येणाऱ्या गाडीनं उदगीरला उतरायचं आणि पुढं बैलगाडी. श्रावणात पोहोचले. एक मच्छरदाणी, एक बॅटरी, दोन वह्या आणि डास पकडायची नळी असा माझा संसार. त्या नळीला रबरी नळी जोडलेली. एक टोक डासापुढं, दुसरं आपल्या तोंडात. हलका श्वास ओढला की डास आत. मध्ये मलमलीचा तुकडा असतो, म्हणून तो पोटात जात नाही. पहिल्या दिवशी गावासमोर ऐटीत प्रात्यक्षिक करताना तो तुकडा निसटला. गावानं मला 'मच्छर गिळलेली बाई' असं नाव ठेवलं. पुढं वेळ वाचवायला ते 'मच्छरबाई' झालं.

पाटलांनी माझी सोय गंगूमावशींकडं केली. पन्नाशीच्या, विधवा, घराचा आणि निम्म्या गावाचा कारभार बघणाऱ्या. मुलगा किसन अबोल. सून शेवंता सहा महिन्यांची गरोदर. धाराशिवकडच्या कोरड्या माळावरनं गेल्या मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली, इथला पावसाळा तिला पहिलाच. घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं. दारातनं शिरलं की डाव्या हाताला दावण आणि तिथं सहा जनावरं, सगळी देवणी जातीची. त्यात शेवऱ्या नावाचा बैल, पांढऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. मग ओसरी. ओसरीच्या एका टोकाला माझी खाट. आणि सगळ्यात आत एक बिनखिडकीची खोली, तिच्या जाड भिंतीत ज्वारी साठवायचं बळद. पावसाळ्यात ती खोली गळत नाही म्हणून मावशी आणि शेवंता तिथं झोपायच्या.

डास उजाडताना पकडायचे असतात. जेवून जड झालेले, भिंतीला टेकून बसलेले सापडतात. पहिल्या पहाटे मावशी म्हणाल्या, "आत जा की. भितीवर लई बसल्यात." मी आत गेले, बॅटरी लावली. बळदाच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेकडेनं, दोन हात लांब पिवळट काहीतरी पडलेलं होतं. त्यानं डोकं उचललं.

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. भान आलं तेव्हा मी दावणीत शेवऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभी होते आणि तो वैरण चघळत माझ्याकडं बघत होता.

"धामण हाय ती," मावशी म्हणाल्या. "घरचीच हाय. उंदरं खाती."

"चावते का हो?"

"तू तिला चावलीस तर."

दुसऱ्या दिवसापासून मी डास दावणीतच पकडू लागले. त्याला कारणंही शोधली. दावणीत डास पुष्कळ. दावणीत उजेड. गरोदर बाईची झोप मोडू नये. एकाहून एक सभ्य कारणं. धामण त्यात कुठंच नव्हती.

पकडलेल्या डासाचं पोट गाळणकागदावर चिरडायचं, डाग वाळवायचा, शेजारी नंबर घालायचा. हे सगळं लाल वहीत. निळी वही वेगळ्या कामाची होती. साहेबांनी सांगितलं होतं, गावातल्या पोरांच्या पानथऱ्या बघ. पानथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली असते ती. ज्यांना हिवताप येऊन येऊन जातो त्यांची ती वाढते. पोरांना ओसरीवर उताणं झोपवायचं आणि बोटं दाबायची. पोरं गुदगुल्यांनी लोळायची. बहुतेकांच्या पानथऱ्या हाताला लागत. आणि तीच पोरं उठून ओढ्यात उड्या मारायला जात! याचंच मला नवल वाटायचं. ताप त्यांच्या अंगात राहून राहून जणू घरातलाच झाला होता. सशाच्या रक्तासारखंच त्यांचं शरीरही त्याला ओळखून होतं. येतो, त्रास देतो, पण आडवं पाडत नाही.

एकदा शेवंता हसत हसत खाली बसली. "ताई, माझी बघा की."

"तुझ्या पोटात आधीच गर्दी आहे."

"बगा तरी."

मी हात ठेवला. डाव्या बरगडीखाली काही लागलं नाही. कोरी पाटी. तिच्या माळावर पाणीच नाही तर डास कुठला आणि ताप कुठला? मी निळ्या वहीत लिहिलं, 'नवी सून. पानथरी लागत नाही.' आणि वही मिटली.

पोळ्याच्या आधी मी कागद घेऊन हैदराबादला गेले. ओळीनं नळ्या लावल्या. गाईच्या सशानं कडीमागं कडी दाखवली. माझा नातलग गप्प. एखाददुसरी कडी, तीही मन लावून बघितली तर. मी हवेत तरंगत परत आले. या गावातले डास माणसाला जवळपास विचारतच नाहीत! मग मी पुढचं पाऊल टाकलं, आणि ते माझं मीच टाकलं, साहेबांना न विचारता. डास जनावरांसाठी घरात येतात. जनावरं घराबाहेर नेली तर डासही त्यांच्यामागं जातील. मला ते घडताना बघायचं होतं. खरं सांगायचं तर गावाचं भलं करायची इच्छा त्यात चिमूटभर होती, बाकी सगळी उत्सुकता.

मावशी सहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. जनावरं दिवाळी झाल्यावर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर जायची, रबीच्या कामाला. त्याआधी नाही. "भर पावसाचं जनावर भाईर? कशाला गं?"

मी शेवंताकडं बोट दाखवलं. "हिच्या बाळासाठी. घरात एक डास राहणार नाही."

मावशी विरघळल्या. पण त्यांच्या आखाड्यावर राहणारे रामजी आबा, सत्तरी गाठलेले, आयुष्य गुरांत गेलेलं, ते बिडी विझवून म्हणाले, "बाई, एक इचारू का? जनावरं गेल्यावर ते मच्छर काय उपास धरणार हायत का?"

"आबा, ते जनावरांच्या मागं येतील."

"सांगून ठिवलंय व्हय त्येंनला?"

मी लाल वही उघडून त्यांना कड्यांचा तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी दाखवला. चोवीस वर्षांच्या त्या पोरीच्या मुस्काटात मारायला मी आज किती लांब आहे!

पोळा झाला, बैलांच्या शिंगांचे गोंडे उतरायच्या आत जनावरं आखाड्यावर गेली. मी रोज पहाटे रिकाम्या दावणीत बॅटरी फिरवायची. डास चारदोन, मग तेही नाहीत. लाल वहीत मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'यशस्वी.' जिथं जेवण नाही तिथं कुणी बसलेलं नाही, हा माझा शोध!

एका सकाळी शेवंता दंड खाजवत आली. "ताई, आत रातच्याला लई चावून राहिलेत."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तू माळावरची. तुला सवय नाही, म्हणून जाणवतं."

तिच्या एका आणि माझ्या दोन वाक्यांत माझ्या दोन्ही वह्यांतलं सगळं येऊन गेलं होतं आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

जनावरं जाऊन पंधरवडा झाला असेल. दुपारी शेवंता चुलीपुढं बसल्या बसल्या हुडहुडायला लागली. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप, मग घाम. एक दिवस बरी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिची नजर कुणावर ठरेना. मावशी तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, हालत न्हाई गं सकाळपासनं."

मी पळत ओसरीवर आले. निळ्या वहीच्या मागच्या पानावर साहेबांनी हिवतापाचं औषध, कोयनेल, द्यायचं प्रमाण लिहून दिलेलं होतं, ते शोधायला वही उघडली, तर मध्येच ते पान उघडलं. 'नवी सून. पानथरी लागत नाही.' शेजारी खाटेवर लाल वही पडलेली. 'यशस्वी.' इतके आठवडे त्या दोन वह्या एका उशीखाली होत्या आणि मी त्यांची एकमेकींशी गाठ घालून दिली नव्हती. गावातल्या पोरांचं शरीर त्या तापाला ओळखत होतं. या पोरीचं ओळखत नव्हतं. आणि तिच्याच घरातून मी डासांचं ताट उचलून नेलं होतं, उरली होती ती हीच.

बॅटरी घेतली आणि आतल्या खोलीत शिरले. धामण होती. तिनं डोकं उचललं. मी म्हणाले, "बाई, आज तू तुझं बघ, मी माझं बघते." मोठ्यानं म्हणाले म्हणे, मावशींनी नंतर गावभर सांगितलं. शेवंताच्या अंथरुणामागच्या भिंतीवर, हात पुरेल तिथपर्यंत, डास टेकून बसले होते. पोटं तुडुंब, लालभडक. मी नळ्या भरभरून पकडले.

कोयनेलाचा प्रश्न सोपा नव्हता. लढाईचे दिवस, जावा बेटाकडनं येणारा माल बंद, उदगीरच्या दवाखान्यातही मोजून मापून. माझ्याकडं एक पत्र्याची डबी होती, मला स्वतःला रोज घ्यायला दिलेली. पण कोयनेलानं गर्भ पडतो असं गावात सगळे मानत, आणि डॉक्टरही ते देताना कचरत. मी चिठ्ठी लिहून किसनला घोड्यावर उदगीरला पाठवलं. अबोल किसन जाताना एवढंच म्हणाला, "वाचंल ना?" मी लगाम त्याच्या हातात दिला. संध्याकाळी उदगीरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. द्या, इतकं इतकं द्या, औषधापेक्षा ताप जास्त घात करील. पहिली पुडी मी स्वतः शेवंताच्या जिभेवर टाकली. तिनं तोंड वाकडं केलं आणि मला शिवी दिली, माळावरची, अस्सल. मावशी रडता रडता म्हणाल्या, "हाय, जीव हाय अजून."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी आखाड्यावर गेले. चिखलात एक चप्पल राहिली. रामजी आबा शेणाची पाटी उचलत होते.

"आबा, जनावरं घरी न्यायची."

"इचारलंत का मच्छराला?"

"त्यांना विचारायला हैदराबादला जावं लागतं."

"मंग?"

"मग काय. आधी बैल."

आबा हसले नाहीत. त्यांनी शेवऱ्याचा कासरा माझ्या हातात दिला आणि बाकीची पाच स्वतः हाकली. मी बैल घेऊन आले असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्याला रस्ता पाठ होता, मला नव्हता. तो पुढं आणि कासऱ्याला लोंबकळत मच्छरबाई मागं. गावाच्या वेशीत बायका हंडे खाली ठेवून बघत होत्या. दावणीत गेल्यावर त्यानं गव्हाणीत तोंड घातलं, जसं काही पंधरा दिवस कुणीतरी खुळ्यागत वागलं आणि आता संपलं.

शेवंताचा ताप पाचव्या दिवशी उतरला. त्याच संध्याकाळी ती ओरडली, "आत्याबाई, लाथ मारली!" मावशींनी देवापुढं साखर ठेवली आणि उरलेली माझ्या तोंडात कोंबली.

दसऱ्याच्या आधी शेवंताचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. मावशींनी तिची ओटी भरली, मग मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि हातावर खण-नारळ ठेवला. जमलेल्या बायका म्हणाल्या, बाईच्या कोयनेलानं दोन जीव वाचले. रामजी आबा दाराशी उभे होते. ते खोकले. एकदाच.

मी खण घेतला. नुसती हसले, थोडी लाजलेसुद्धा. माझ्या हातून झालेल्या चुकांत जनावरं बाहेर काढणं ही मोठी चूक, पण ती उत्सुकतेपोटी झाली होती. तो खण घेतला तो निव्वळ भित्रेपणानं.

हैदराबादला आतल्या खोलीतल्या डासांचे कागद लावले. माझ्या नातलगानं कडीमागून कडी काढली, अगदी दुधाळ. रहीमचाचा म्हणाले, "आज खुश है." पण गंमत पुढं आहे. जनावरं परत आल्यावरही मी गावी जाऊन आतल्या खोलीतले डास पकडत राहिले, आणि त्यांत गाईचीही कडी मिळायची, माणसाचीही. म्हणजे दावण भरलेली असली तरी घर काही पुरतं सुटलेलं नव्हतं. डासाची कुणावर भक्ती नव्हती. जे जवळ सापडेल ते तो प्यायचा. माझ्या पहिल्या सुबक तक्त्यापेक्षा हे खूप ओबडधोबड होतं, आणि त्याच्यावरच प्रबंध उभा राहिला. मधल्या काळात शेवंतासाठी माझी कोयनेलाची डबी रिकामी केल्यामुळं मलाही ताप आला. साहेबांनी माझ्या डाव्या बरगडीखाली बोट दाबलं आणि समाधानानं म्हणाले, "लगी." निळ्या वहीत शेवटची नोंद माझी आहे.

प्रबंध तपासायला दिला. त्यात मी लिहिलं होतं, 'काही अपरिहार्य कारणांमुळे सुरुवातीस आतल्या खोल्यांतील नमुने घेता आले नाहीत.' साहेबांनी चष्मा वर केला. "कौनसे कारण?"

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा खाली केला. मग लाल शाईनं ते वाक्य खोडून त्यांनी इंग्रजीत चार शब्द लिहिले, ज्यांचा अर्थ होतो, 'संशोधिका सापाला घाबरली.' मी रडकुंडीला आले. सगळ्या जगासमोर? साहेब म्हणाले, "हौ. अगली लड़की जाएगी तो उसकू मालूम होना ना." ते वाक्य प्रबंधात अजून आहे. पुढं परदेशातल्या एका गृहस्थांनी पत्र लिहून विचारलं होतं की साप कोणत्या जातीचा होता.

कागदावर सगळ्या जगाला सांगून झालं, पण जिला सांगायला हवं होतं तिला वाचता येत नव्हतं. मधे दोन उन्हाळे गेले. मग मी उठले आणि उदगीरची गाडी धरली.

ओसरीवर एक दीड-दोन वर्षांची पोर कोंबड्यांमागं धावत होती. शेवंताची. जन्मली तेव्हा सुपात मावेल एवढीच होती म्हणे. मी सवयीनं तिला धरलं, उताणी केली, बोटं दाबली. डाव्या बरगडीखाली लागली. माळावरच्या बाईची लेक या गावची झाली होती. तिनं मला लाथ मारली आणि पुन्हा कोंबड्यांमागं गेली.

मावशी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दावणीतलेच डास कसे पकडले, का पकडले, शेवंताचा ताप माझ्यामुळं कसा आला, आणि तरी खण कसा घेतला.

मावशींचं पाखडणं थांबलं नाही. "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"तू चिखलातनं एका पायात चप्पल घालून बैल आणलास तवापासनं. बिनचुकीचं मानूस असं पळतंय व्हय?"

"मग खण कशाचा दिलात?"

"परत आणलास त्येचा." त्यांनी सूप झटकलं. "आन् तू सांगशील म्हनून वाट बघून राहिले होते मी. दोन वरसं लावलीस. लई शिकलेलं मानूस, येळ लागतो."

आतून शेवंता हसली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून नाक ओढलं. मावशींनी रिकामं सूप माझ्यापुढं सरकवलं.

"बसली काय? ऊठ. बळदातली ज्वारी काढून आण."

"मावशी, ती धामण अजून आहे?"

"ती कवाच गेली. आता तिची लेक हाय."

मी सूप घेतलं, पिशवीतली बॅटरी घेतली. दारात थोडी थांबले. मग आत गेले आणि बॅटरी लावली. आधी भिंतीवर, शेवंताच्या अंथरुणामागं, वरपासून खालपर्यंत. चार डास होते. ते बघून झाल्यावर बॅटरी बळदाकडं वळवली.